सासऱ्यांनी सत्कार सोडला आणि गाव म्हणतंय मेजरला माज आलाय

पत्र लांब आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, फौजेतून हवालदार होऊन पेन्शनवर आले त्याला बरीच वर्षं झाली. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. 15 ऑगस्टला तरुण मंडळानं माजी सैनिकांचा सत्कार ठेवला, दादांचा मोठा फ्लेक्स लावला आणि त्यावर लिहिलं 'कारगिल योद्धा'. दादा कारगिलला नव्हतेच. ते 87 ते 89 श्रीलंकेत होते आणि कारगिलच्या वेळी राजस्थानात. स्टेजवर निवेदकानं परत तेच म्हटलं तेव्हा दादा उठले, शाल खुर्चीवर ठेवली आणि चालत घरी आले. आता गाव म्हणतंय मेजरला माज आलाय. मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, ते फोनवर म्हणतात जाऊ दे, दादांचा स्वभावच तसा. मंडळाची पोरं 26 जानेवारीला परत बोलावणार म्हणतात. ज्या सरपंचांनी हार घातला त्यांच्याच भावकीनं दादा नोकरीवर असताना आमचा बांध कोरलाय, त्याचा राग असेल का? मुलगा चौथीत आहे, तो विचारतो आजोबा तुम्ही किती जण मारले, की दादा उठून बाहेर जातात. ऑक्टोबर लागला की ते तसेही गप्प होतात. मी त्यांना कसं समजावू? सन्मानचिन्ह कपाटामागं टाकलंय, ते परत करू का?"

ताई, पहिली गोष्ट, दादांना काहीही समजावू नका. समजवायचंच असेल तर बाकी सगळ्यांना समजवायचंय.

तुम्हाला वाटतंय दादांनी मान नाकारला. मला पत्र वाचून वाटलं की त्यांनी दुसऱ्याचा मान घ्यायला नकार दिला. कारगिलला आपली 527 माणसं गेली, तेराशेच्या वर जखमी झाले, हे आकडे तुमच्या मंडळातल्या पोरांना दर 26 जुलैच्या स्टेटसमुळे पाठ असतील, पण दादांसाठी तो आकडा नाहीये, ती त्यांच्याच फौजेतली पोरं आहेत, काही कदाचित ओळखीची असतील, कुणी ट्रेनिंगला बरोबर असेल, आणि त्यांच्या नावावरची शाल आपल्या खांद्यावर पडतेय हे कळत असताना शांत बसून टाळ्या ऐकणं फौजी माणसाला जमत नाही. गावात आपण कुणी नातेवाईकाच्या नावावर रेशन उचललं तर काय बोलतो? त्यांच्या हिशोबात हे तसलंच काहीतरी होतं. त्यांनी माईक ओढून पोराचा अपमान केला नाही, भांडले नाहीत, शाल घडी करून ठेवली आणि गेले. याला माज म्हणणाऱ्यांनी माज बघितलेला नाही.

आता श्रीलंकेबद्दल थोडं लिहिते, कारण तुमच्या पत्रात ते एका ओळीत उरकलंय आणि माझ्या मते सगळी गाठ तिथंच आहे, आणि मला शंका आहे की तुमच्या घरातही ते कधी कुणी नीट विचारलेलं नाही.

29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि आपली फौज शांतिसेना म्हणून तिकडे गेली. म्हणजे लढायला नाही, श्रीलंकेचं सैन्य आणि लिट्टेसारखे तमिळ बंडखोर या दोघांच्या मध्ये उभं राहायला, बंडखोरांची हत्यारं खाली ठेवून घ्यायला. सुरवातीला तमिळ लोकांनी हार घालून स्वागत केलं होतं. अडीच महिन्यात चित्र फिरलं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिट्टेकडून जाफना घ्यायचं ऑपरेशन पवन सुरू झालं, आणि ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच गल्लीबोळात, रस्त्यात पेरलेल्या सुरुंगांवरून, नारळाच्या बागांमधून लढावं लागलं, समोर गणवेश नाही, कोण लढणारा आणि कोण भाजी आणायला निघालेला हे कळायला मार्ग नाही. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या 30 जणांच्या तुकडीतला एकच जिवंत राहिला, तोही पकडला गेला. तुम्ही लिहिलंय ऑक्टोबर लागला की दादा गप्प होतात. मी काही ज्योतिषी नाही आणि ते कुठल्या पलटणीबरोबर कुठं होते हे मला माहीत नाही, पण श्रीलंकेला गेलेल्या माणसाला ऑक्टोबर जड जात असेल तर त्यात न कळण्यासारखं काहीच नाही.

आणि परत आल्यावर काय? त्या लढाईत अकराशेच्या वर जवान गेले. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला तिथून निघाली आणि मद्रासला उतरली, तर तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. राजकारण त्यांच्या बाजूनं त्यांना कळत असेल, आपल्याच भाषेच्या लोकांवर फौज चालून गेली हा राग तिथं खरा होता, पण जहाजातून उतरणाऱ्या नाईक-लान्स नाईकाचा त्यात काय दोष? त्याला जा म्हटलं तो गेला, ये म्हटलं तो आला. या लढाईचा विजय दिवस नाही. तिची ढोलताशावाली गाणी नाहीत. तिथं गेलेल्या जवानांच्या नावांचं स्मारक आधी श्रीलंकेनं बांधलं, कोलंबोजवळ श्रीजयवर्धनपुरा कोट्टेला, आणि आपल्याकडे दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं 25 फेब्रुवारी 2019 ला, तेव्हा कुठं ती नावं भिंतीवर आली. तीसेक वर्षं गेली मधे.

आपल्या पोरांना हे पण सांगा की श्रीलंकेत परमवीर चक्र मिळालेले मेजर रामास्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शिकलेले, आणि 8 महार या पलटणीचे. 25 नोव्हेंबर 1987 ला ते गेले. कारगिलची परमवीर नावं विचारली तर पोरं धडाधड सांगतील, हे नाव विचारून बघा.

म्हणून फ्लेक्सवर कारगिल लिहिणं ही नुसती प्रिंटिंग मिस्टेक नाहीये ताई. मंडळाच्या पोरांना माहिती विचारायचा कंटाळा आला, टीव्हीवर कारगिल दिसतं म्हणून कारगिल टाकलं, आणि दादांना त्यातून काय ऐकू आलं असेल बघा, की तुझं जे झालं ते सत्काराच्या लायकीचं नाही, थांब तुला एक बरं युद्ध देतो. पोरांच्या मनात असलं काही नव्हतं हे मला माहितेय. पोरं चांगलीच असणार, वर्गणी काढून कार्यक्रम करणारी पोरं वाईट नसतात. पण त्यांना कुणीतरी हे सांगायला पाहिजे आणि ते दादा सांगणार नाहीत.

बरं, सगळे माजी सैनिक असेच असतात असंही समजू नका. मी ज्या भागात वाढले तिथं प्रत्येक आळीत एकतरी मेजर असतो (रिटायर शिपाई झालेला असो नाहीतर सुभेदार, गावाला सगळे मेजरच), आणि त्यांच्यात सगळे नमुने बघितलेत. एकाला सत्कार इतका आवडायचा की फेटा बांधून अर्धा तास आधी जाऊन बसायचा, आणि का आवडू नये, वीस-बावीस वर्षं थंडीवाऱ्यात काढून आलेल्या माणसाला गावानं खुर्ची दिली तर छाती फुगणारच. दुसरे एक होते ते आयुष्यभर लंगरमध्ये स्वयंपाकी, त्यांना स्टेजवर बोलावलं की तोंड चोरायचे, म्हणायचे मी भाकऱ्या थापल्या, सत्कार त्यांचा करा. त्यांना कोण सांगणार की बर्फात गरम जेवण पोचवणं हे पण युद्धच असतं. आणि तिसरे तुमच्या दादांसारखे, ज्यांना कुणी थँक्यू म्हटलं की जे परत आले नाहीत त्यांचे चेहरे डोळ्यासमोर येतात, आपण का राहिलो आणि तो का गेला हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारलेला नसतो पण तो सुटलेलाही नसतो, आणि समोर माणूस हात जोडून "तुमच्यामुळे आम्ही शांत झोपतो" म्हणत असतो. त्याला काय उत्तर द्यायचं? बिचारे "जयहिंद" म्हणून सुटका करून घेतात.

तेव्हा दादा कुठल्या प्रकारचे ते गावानं ठरवायचं नाही, दादांनी ठरवायचं. सत्कार करायच्या आधी विचारणं एवढी साधी गोष्ट कुणी करत नाही. त्यांच्या नावाचा फ्लेक्स लागतो आणि त्यांनाच चौकात गेल्यावर कळतं.

नातवाचं. त्याला रागवू नका, त्याला टीव्ही आणि गेमनं शिकवलंय की लढाई म्हणजे स्कोअर. एकदा बाजूला घेऊन सांगा की हा प्रश्न आजोबांना नाही विचारायचा, का ते मोठा झाल्यावर कळेल, आणि त्याच्या बदल्यात त्याला दुसरे प्रश्न द्या. ट्रंकेत काय काय होतं? पहाटे किती वाजता उठवायचे? तमिळ मुलुखात गेल्यावर जेवायला काय मिळायचं? बेस्ट फ्रेंड कोण होता? पत्र यायला किती दिवस लागायचे? घरात पलटणीचा ग्रुप फोटो असणारच, रांगेत बसलेला, तो काढून त्याला म्हणावं आजोबांना यातल्या एकेकाचं नाव विचार. मी हे अनेक घरात बघितलंय, सून विचारते तेव्हा गप्प बसणारा माणूस नातवाला फोटोवर बोट ठेवून तासभर सांगत बसतो. मधेच एखाद्या चेहऱ्यावर बोट थांबलं तर पोराला शिकवून ठेवा की तिथं घाई करायची नाही. आणि नाही बोलले तर नाही बोलले. ते त्यांचं आहे.

गप्प होण्याबद्दल एक गोष्ट सिरियसली लिहिते. वर्षातून काही दिवस माणूस गप्प होतो, एकटा शेतात जातो, यात लगेच आजार शोधू नका. पण झोपेत ओरडणं, रात्र रात्र जागं राहणं, फटाक्याला दचकून घाम फुटणं, दारू वाढणं, जगून काय करू असलं बोलणं, यातलं काही दिसत असेल तर स्वभाव आहे म्हणून सोडू नका, तुमच्या मिस्टरांनाही हे वाचून दाखवा. दादांकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल, पॉलिक्लिनिकला नेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरकडे रेफर करून घेता येतं. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालतं. दादांना "डोक्याच्या डॉक्टरकडे चला" म्हटलंत तर ते येणार नाहीत, "झोपेची तक्रार दाखवू" म्हणा.

आता 26 जानेवारी. मंडळाच्या अध्यक्षाला घरी चहाला बोलवा, दादा शेतात असताना, आणि सरळ सांगा की दादा कारगिलला नव्हते, श्रीलंकेला होते, फ्लेक्स चुकला, आणि पुढच्या कार्यक्रमात माईकवरून हे एका वाक्यात दुरुस्त करायचं. माफीनामा, भाषण, दादांना परत स्टेजवर ओढणं, यातलं काही नको. एक वाक्य. आणि त्याला म्हणावं, यावेळी खुर्च्या मांडायच्या आधी यादी कर: गावातून फौजेत गेलेले किती, त्यातले परत न आलेले कोण, आणि त्यांच्या घरी आज कोण आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीनं हे केव्हाच करून ठेवलंय, पहिल्या महायुद्धात त्या गावातले 46 जण गेले, त्यांचा स्तंभ गावात आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुमच्या गावाची यादी कुठाय? यादी करायला दादांकडेच जावं लागेल, कारण ती त्यांच्याच डोक्यात असणार, आणि मला खात्री आहे त्या कामाला ते नाही म्हणणार नाहीत. पोरांनी त्यांच्यासमोर वही घेऊन बसावं, ते सांगतील तसं लिहावं, पलटणीचं नाव, साल, ठिकाण त्यांच्याकडूनच तपासून घ्यावं. मग 26 तारखेला त्या नावांचं वाचन दादांनी करायचं का कुणी मुलीनं करायचं ते त्यांना विचारून ठरवा. आणि वीरपत्नी असतील त्यांना पहिल्या रांगेत, आमदारांच्या आधी, हे मात्र मंडळाला ठणकावून सांगा, कारण दरवर्षी त्यांना तासभर उन्हात बसवून शेवटी साडी देऊन फोटो काढतात ते बघवत नाही.

डीजे नको हे वेगळं सांगायला नको.

एक अजून. तुमच्या गावात सकाळी भरतीसाठी पळणारी पोरं असणारच, सातारा जिल्हा आहे. त्यातली जी 2022 नंतर अग्निवीर म्हणून गेली त्यातली बरीचशी चार वर्षांनी परत येणार, शंभरातले पंचवीसच पुढं कायम होतात. त्यांना पेन्शन नाही, कँटीन नाही. त्यांना गाव मेजर म्हणणार आहे का, की चार वर्षांचा पाहुणा म्हणून टोमणे मारणार आहे? सत्काराचा एवढा हौसेनं विचार करणाऱ्या मंडळानं याचाही एकदा विचार करावा.

सन्मानचिन्ह. परत करू नका, मंडळ दुखावेल आणि पुढचं काम अडेल. दादांना विचारून त्यावरची कारगिलवाली पट्टी तेवढी काढून घ्या, ट्रॉफीच्या दुकानात नवी पट्टी मिळते, त्यावर काय लिहायचं ते त्यांनीच सांगावं. काहीच नको म्हणाले तर राहू दे कपाटामागं.

आणि आता तो बांध. तुम्ही तो पत्रात असा कोपऱ्यात टाकलाय जसं काही विषयच नाही, पण ताई, मला विचाराल तर शाल ठेवून उठण्याचं निम्मं कारण हेच असेल. फौजी वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा, बाकी दहा महिने शेजारी वीत वीत सरकायचा, हे आपल्या भागात इतकं चालतं की त्याचं कुणाला काही वाटत नाही. पलटणीच्या सीओ साहेबांकडून (कमांडिंग ऑफिसर) कलेक्टरला पत्र जायचं, ते पत्र फिरत फिरत तलाठ्याकडे यायचं, तोवर सुट्टी संपलेली. आणि त्याच भावकीतला माणूस हार घालतो, वर म्हणतो देशासाठी तुम्ही सीमा राखलीत. आपली स्वतःची सीमा राखता आली नाही त्या माणसाला हे ऐकताना काय वाटलं असेल याची कल्पना करा. माझ्या ओळखीचे एक रिटायर सुभेदार तर म्हणायचे की बाबांनो शाल नको, सातबारा सरळ करून द्या.

तर हे काम हातात घ्या. तालुक्याला भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, फी भरून पावती घ्या, शेजाऱ्याला रीतसर नोटीस जाते. सोबत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दादांच्या नावानं लेखी अर्ज द्या, माजी सैनिकांची महसूलची प्रकरणं ते कलेक्टर ऑफिसकडे लावून धरतात, ते त्यांचं कामच आहे. तिथं गेलात की घरपट्टी माफीचा दाखलाही मागा, माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करायची योजना राज्यात 2020 पासून आहे आणि अर्ध्या ग्रामपंचायती ती आपणहून सांगत नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या फौजी विधवांचे कागदही त्याच फेरीत न्या, पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो आणि अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून कितीजणींची पेन्शन अडकते ते मी बघितलंय. 7 डिसेंबरला सैन्याच्या ध्वजदिनाचे झेंडे शाळेत येतील, तो निधी याच कामांना जातो, नातवाला सांगा वर्गात झेंडे तो वाटेल.

सरपंचांशी भांडायला जाऊ नका. त्यांना नमस्कार करून एवढंच विचारा की 26 जानेवारीच्या आत मोजणी झाली तर तुम्ही हजर राहाल ना, पंच म्हणून सही लागेल. चारचौघात विचारा, शक्यतो ग्रामसभेत. नाही म्हणायला त्यांना अवघड जाईल, फ्लेक्सवर दादांच्या शेजारी त्यांचाच फोटो होता की नाही? मोजणीची तारीख लागली की मला कळवा.